सातूच्या दाण्यातला नायट्रोजन

वाशीचं दाणाबंदर. गोणीत टोकदार नळी खुपसली, दाणे तळहातावर सांडले. जव हा, आपण सातू म्हणतो तोच, राजस्थानातून आलेला. व्यापारी एक दाणा दाताखाली फोडतो, रंग बघतो, भरलेला आहे का चिपाड ते बघतो आणि भाव बोलतो, पण प्रोटीन किती ते असं बघून कोणालाच कळत नाही.

ते कळतं लॅबमध्ये, ही महापेची, आणि तेही प्रोटीनमधला नायट्रोजन मोजून. दळलेल्या जवावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड ओतलं, तापवलं, बघा कसं काळंकुट्ट झालं, पांढरा धूर निघतोय, आणि आता तेच हळूहळू निवळत हिरवट निळं होतंय, तो निळेपणा क्रिया वेगाने व्हावी म्हणून टाकलेल्या कॉपरचा. दाण्यातला नायट्रोजन आता अमोनियम होऊन ह्या पाण्यात उतरलाय. मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया उडवायचा आणि रंग बदलून दाखवणारं इंडिकेटर टाकलेल्या बोरिक अ‍ॅसिडमध्ये पकडायचा, गुलाबीचं हिरवं होतं, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब अ‍ॅसिड सोडत परत गुलाबी. किती अ‍ॅसिड लागलं त्यावरून नायट्रोजन काढायचा, त्याला 6.25 ने गुणायचं, झालं प्रोटीन. योहान केल्डाल यांनी 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये ही पद्धत काढली, बिअरसाठीच्या धान्याचं काम करताना, आणि ती अजून चालते.

शेतात हा नायट्रोजन बहुतेक युरियातून येतो. 45 किलोच्या गोणीत 20 किलोच्या वर नायट्रोजन, पण खरा प्रश्न किती दिला एवढाच नाही, कधी दिला हाही आहे. पेरणीला आणि पहिल्या पाण्याला दिला की फुटवे वाढतात, दाणे जास्त लागतात. ओंबी बाहेर पडताना दिला तर फुटवे ठरून गेलेले असतात, मग तो जातो थेट दाण्यातल्या प्रोटीनमध्ये. त्यात पाणी तुटलं किंवा ऊन तापलं की दाण्यात स्टार्च कमी भरतो आणि प्रोटीनचा टक्का अजून चढतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, लॅबचा हा आकडा फाइलीत पडून राहायला नको, माल ज्या बिल्टीने, म्हणजे ट्रकच्या मालपावतीने, आला तिच्या मागोमाग तो शेतकऱ्यापर्यंत गेला पाहिजे, तरच पुढच्या रब्बीला युरियाचा दुसरा हप्ता कधी टाकायचा ते त्याला ठरवता येईल. बिअरसाठी जव मोड आणून वाळवणाऱ्या माल्टवाल्यांना साधारण 9 ते 11.5 टक्के प्रोटीन लागतं, त्याखाली गेलं तर एन्झाइम कमी पडतात, वर गेलं तर माल्टचा उतारा घटतो, बिअर गढुळते, आणि माल पशुखाद्याच्या भावात जातो.