गोळी, सुई आणि रक्तापर्यंतची वाट

निंदण-डवरणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर सकाळपासूनच रांग लागते. ताप अंगावर काढून वावरात राबलेल्या माणसाचे डॉक्टरांकडे पहिले मागणे एकच असते : ‘सुई लावून द्या ना जी, गोळीनं काही होत नाही.’ मजुरी बुडू नये म्हणून केलेली ही घाई समजण्यासारखी आहे. मात्र त्यामागचा समज खरा नाही.

तापावरची पॅरासिटामॉलची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर पोटात जाते. जठरात ती फुटते आणि विरघळू लागते. शोषण मात्र मुख्यतः पुढे, प्रौढ माणसात साधारण 6 मीटर लांब असलेल्या लहान आतड्यात होते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे औषधाला रक्तात उतरायला फार मोठा पृष्ठभाग मिळतो. हे रक्त सर्वांगात पोहोचण्यापूर्वी यकृतातून जाते, आणि यकृत औषधाचा काही भाग तेथेच मोडून टाकते. ही घट गृहीत धरूनच तोंडाने घ्यायची मात्रा ठरवलेली असते, म्हणून योग्य मात्रेतली गोळी मुळीच दुबळी नसते. तिचा गुण अर्ध्या ते एका तासात येऊ लागतो. गोळी कशाबरोबर घेतली, यालाही महत्त्व आहे. आशाताई गरोदर बाईला लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका असे बजावतात, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषले जाते. लिंबूपाण्याबरोबर ते अधिक शोषले जाते. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तर तोंडातल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरते आणि यकृताला वळसा घालते.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत एकाच बाळासाठी वेगवेगळ्या वाटा वापरल्या जातात. पोलिओचे थेंब तोंडात पडतात, कारण त्या रोगाचा विषाणू आतड्यातच वाढतो. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीची सुई डाव्या दंडावर अगदी उथळ, त्वचेच्या थरातच शिरते, आणि नीट दिली गेली की तेथे लगेच छोटा पांढुरका फुगवटा उठतो. पाच रोगांवरची एकत्रित पेंटाव्हॅलेंट लस मांडीच्या स्नायूत खोल दिली जाते. नर्सताई प्रत्येक वेळी सुईचा कोन बदलतात, आणि हे कौशल्य थांबून पाहण्यासारखे आहे.

तापात स्नायूत दिलेले इंजेक्शन काहीसे लवकर रक्तात पोहोचते, एवढाच काय तो फरक. रक्तात पोहोचल्यावर तेच औषध तेच काम करते. अनावश्यक सुईमुळे गळू होऊ शकते, आणि सुई वापरलेली असेल तर कावीळ बी, कावीळ सी व एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो.

‘ताकद येते’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या साध्या सलाईनच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत पाणी आणि 4.5 ग्रॅम मीठ असते. हगवणीत अंगातले पाणी गेलेला माणूस शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल, तर ओआरएसचे एक पाकीट 1 लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट पाजणे हाच त्याचा पहिला उपचार आहे. त्यातले ग्लुकोज आतड्याच्या पेशींत शिरताना मिठातले सोडियम सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. ही वाट हगवणीतही चालू राहते, म्हणून तर घरातली वाटी-चमचाही जीव वाचवू शकतात.

शिरेतून औषध देण्याची खरी गरज पडते ती सर्पदंशात. मण्यार किंवा घोणस चावून विषाची लक्षणे दिसू लागली, तर प्रतिविष शिरेतूनच द्यावे लागते, कारण तेथे शोषणाची वाट पाहावी लागत नाही आणि दिलेली सगळी मात्रा रक्तात पोहोचते. स्नायूत दिलेले प्रतिविष सावकाश आणि अपुरे शोषले जाते. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे ती आवरणारे ॲड्रेनालिन हे औषध हाताशी ठेवूनच ते सुरू केले जाते. अशा रुग्णाला मांत्रिकाकडे न थांबवता थेट दवाखान्यात आणायला हवे.