रविवारची गोष्ट

हे धुराडं बघा. गिरणी गेली, हे तेवढं उरलं. इथला भोंगा वाजला की अख्ख्या चाळी हलायच्या.

भोंग्याच्याही आधी घड्याळ होतं ते सूर्याचं. १८८०च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा तास, कधी त्याहून जास्त. रविवारी साचे, म्हणजे माग थांबले, तरी ते पुसायला माणसं हजर.

हे टपाल तिकीट २००५ सालचं. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ वृत्तपत्राचे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं, त्यामुळे आतलं सगळं ठाऊक. १८८४ साली परळला सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास, पगार वेळेवर. असल्या साध्या!

मालक सहा वर्षं हलले नाहीत. मग २४ एप्रिल १८९०. हे महालक्ष्मीचं रेसकोर्सचं मैदान. इथे दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, भर सभेत! १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढे विजेचे दिवे आले आणि मावळतीला अर्थच उरला नाही. कायद्याने तास उतरत गेले, पण सावकाश. १९११ला बारा, १९२२ला अकरा, १९३४ला दहा, स्वातंत्र्याच्या आगेमागे नऊ.

भरपगारी रजा १९४८च्या कारखाना कायद्यात होती. पुढे नियम असा होता: वर्षात २४० दिवस भरले, तर वीस दिवसांमागे एक दिवस.

हे कार्ड या आजोबांचं, बदली कामगार होते ते. कोपरे झिजलेत, हजेरीचे शिक्के मात्र शाबूत आहेत. आजोबा बोटाने मोजून दाखवतात. त्या वर्षी भरले २३८. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तरच आत. दोन दिवस कमी पडले, रजा गेली. आजोबा कार्ड परत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

१९८२चा संप झाला, गिरण्या मिटल्या. २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला बारा तासांपर्यंत कामाची मुभा द्यायला मंजुरी दिली.

गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे. आज रविवार. दारावरच्या वॉचमनची सुट्टी मंगळवारी असते, बदलीला माणूस आला तर.