फ्रेंच बोलताना आई लहान होते

नमस्कार मंडळी. मसाला दूध गरम आहे तोवर आटपते. निदान तसा प्रयत्न करते.

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेत बाईंना भेटायला गेले होते. चार वाक्यं कागदावर लिहून, बसमध्ये घोकून. बाई बोलायला लागल्या आणि कागद पर्समध्येच राहिला. मी आपली 'वी, वी' करत मान डोलावत बसले. बाहेर पडल्यावर आठ वर्षांची लेक म्हणाली, "आई, फ्रेंच बोलताना तू माझ्याहून लहान असतेस गं." चिडवलं नाही हो तिनं. उलट रस्ता ओलांडताना माझा हात धरला. तेच जास्त लागलं.

तशी मी पुण्यात दोन परीक्षा पास करून आलेली बाई. आपल्याकडे तीन लिंगं, इथे दोनच, म्हणजे सूटच मिळाली असं वाटलं होतं. इथे आल्यावर टेबल बाई झालं, आणि चांदोमामासुद्धा बाईच निघाला. आज कोजागरीपुरता तरी त्याला मामा राहू द्या.

इथे दक्षिण फ्रान्सात, तुलूजमधल्या पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या मुलीनं विचारलं, 'पोश' हवा का? पुस्तकात पोश म्हणजे खिसा. मी कोटाचा खिसा दाखवून म्हटलं, आहे माझ्याकडे. ती बिचारी पिशवी विचारत होती. पॅरिसचा 'साक' आपल्या या भागात 'पोश' होतो, हे क्लासात कोण सांगणार? शेजारच्या मामींकडे (इथल्या हिशेबानं मामी म्हणजे आजी) जेवायला गेलो, तेव्हा त्या वाढतच होत्या. मी 'पोट भरलं'चं सरळ फ्रेंच केलं, 'ज स्वी प्लेन'. हे गाईम्हशींबद्दल बोलतात. गाभण. मामींनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कितवा महिना?"

फरशी पुसायच्या फडक्याला 'सेरपियेर' म्हणतात हे दूध उतू गेलं तेव्हा कळलं. 'पू' म्हणजे उवा, हे शाळेच्या वहीत चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. आमचे हे मात्र नऊ वर्षं 'बोंजूर' आणि 'मेर्सी'वर आहेत. ऑफिसात विमानं इंग्रजीत उडतात, त्यामुळे प्लंबर, दाताचा डॉक्टर, शाळा सगळं माझ्या गळ्यात. परवा यावरूनच घरात वाजलं. हसू नका, तुमच्यातले निम्मे त्याच पंगतीतले आहेत.

दसऱ्याला पाकातले लाडू वळत होते. लेकीनं हात घातला आणि ओरडली, "आई, सा पेग!" मी म्हटलं, चिकट म्हण, चिकट. मामी तिथेच होत्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मी पाक विसरले. 'पेग' हा पॅरिसचा शब्द नाही, मूळचा इथल्या जुन्या ऑक्सितान भाषेतला. मामींच्या आईच्या वेळी शाळेत ती भाषा तोंडून निघाली, की पोराच्या गळ्यात एक खूण अडकवायचे. दुसरं कोणी तसं बोलताना सापडलं, की ती त्याच्या गळ्यात. म्हणून आईवडील आपसात ती भाषा बोलायचे आणि मुलांशी फक्त फ्रेंच. शाळेत ती शिकवायला कायद्यानं परवानगी मिळाली १९५१ साली. मामी म्हणतात, "मला सगळं कळतं, बोलता येत नाही." आता मेट्रोत प्रत्येक स्टेशनचं नाव दुसऱ्यांदा सांगतात ना, ती हीच भाषा.

"कळतं, पण बोलत नाही." मंडळी, हे वाक्य आपण किती कौतुकानं म्हणतो! गणपतीत म्हणतो, दिवाळीत म्हणतो. आत्तासुद्धा मागे बघा, मुलं कोपऱ्यात काय बोलतायत. आपल्या पोरांच्या गळ्यात तर कुणी काही अडकवलेलं नाही. इकडच्या खासदारांनी 'शोकोलातीन' (चॉकलेट भरलेल्या पावाचं इथलं नाव) या एका शब्दासाठी २०१८ साली संसदेत दुरुस्ती मांडली. फेटाळली गेली, पण मांडली. आणि आपण? आपण घरात 'चमचा' सोडून 'क्युइयेर' आण म्हणतो. मीही म्हणते. लवकर येतो म्हणून म्हणते.

आणि त्या लाडवांच्या दिवशी, 'चिकट' काही ती म्हणाली नाही.

रविवारी माझ्या आईचा व्हिडिओ कॉल होता. लेक समोर बसली. "बरी आहे आजी. शाळा छान. जेवले." पुन्हा, "बरी आहे." तीन वर्षांच्या मुलाचं मराठी. फोन ठेवताना आई मला म्हणाली, "किती गुणी गं पोर, किती शांत."

शांत? जेवताना ही मामींशी पाऊण तास अखंड बोलते. वर्गातली भांडणं सांगते, विनोद सांगते, सगळ्यांच्या नकला करते, माझीसुद्धा. ही पोर आईनं पाहिलेलीच नाही.

मी काही बोलले नाही. "हो, शांत आहे," म्हटलं.