आडात होतं की!

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेली मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'शहरांपुढील सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय आव्हाने'. विषय दांडगा आहे, म्हणून मी आमच्या परसातल्या आडापासून सुरुवात करतो.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या वाड्यात आड होता. दोरीच्या घसटीनं कठड्याला बोटभर खाचा पडलेल्या. एकदा पोहरा पडला म्हणून गळ टाकला, तर वर आली कळशी. आजीचं नाव कोरलेली! ती चोरली म्हणून आजीनं शेजारच्या काकूंशी चार वर्षं बोलणं टाकलं होतं. कळशी वर आली, माफी काही आली नाही. पण त्या संध्याकाळी काकूंकडे मांडे गेले. बेळगावात माफीसुद्धा गोडच लागते. (हसू नका, वेळ माझाच जातोय.)

मग राकसकोप जलाशयाचं पाणी नळाला आलं. वाड्याची मागची भिंत पाडली, राडारोडा टाकायचा कुठं? आडात! पाच टोपल्या मी स्वतः ओतल्यात. आज एप्रिल-मेमध्ये बरोबर त्याच जागेवर टँकर उभा राहतो. नळ येतो आठवड्यानं, तोही अपरात्री. कोपऱ्यावरच्या अक्का कानडीत "नीरु बंतु!", पाणी आलं, म्हणून ओरडल्या, की सीमाप्रश्न उशाला ठेवून अख्खी गल्ली घागरी घेऊन पळते.

कुणी विचारील, त्या आडावर सगळ्यांना पाणी भरू देत होता काय? नव्हतो. ते नळानं मोडलं, आणि बरंच झालं. पण त्यासाठी आड बुजवायची गरज नव्हती.

1924 साली काँग्रेसचं अधिवेशन आपल्याकडे भरलं, गांधीजी अध्यक्ष. एवढ्या माणसांना पाणी कुठलं? टिळकवाडीत विहीर खणली. काँग्रेस विहीर अजून आहे, जाऊन वाकून बघा. 1995 च्या टंचाईत राकसकोपनं तळ दाखवला, तेव्हा शहरानं जुन्या विहिरीच उपसून साफ केल्या. पाऊस पडला आणि आपण ते विसरलो.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

पर्यावरण: आपल्याकडं पाऊस कमी नाही. तो मुरायच्या जागेवर आपण फरशी घातली, म्हणून तो धावतो बळ्ळारी नाल्याकडं. नाल्यात गटार, गाळ, प्लास्टिक. तो फुगतो आणि शहापूर-वडगावच्या शिवारात घुसतो. ज्या मातीत बेळगावची बासमती पिकायची, तिथं रोप कुजतं. शहराचं सांडपाणी, नुकसान शेतकऱ्याचं. आर्थिक म्हणजे हेच. उरलेल्या शेतातून बायपास नेतो, मग तो शेतकरी शहरात वॉचमन होतो. सामाजिक म्हणजे तेच. वडगाव-खासबागच्या विणकरांवर, मागवाल्यांवर बोलायचं होतं, राहिलं. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं; रस्ते झाले, दिवे लागले. त्या रस्त्यांखाली किती आड गेले, याची यादी कुणाकडं असेल तर मला हवीय.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेव्हा थांबतो. ज्यांच्या परसात बुजवलेला आड आहे त्यांनी चहाच्या वेळी भेटा. गाळ काढणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत. पहिला नंबर मात्र आमचा.