सोन्याखाली दबलेली घरं

मित्रहो, पत्रिकेवर विषय ‘प्राचीन सायप्रस बेटावरील सामाजिक व आर्थिक परिवर्तन’ असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका खोदकामाची हकिकत ऐका, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही.

१८९६ साली ब्रिटिश म्युझियमची माणसं सायप्रसच्या पूर्व किनाऱ्याला, फामागुस्ताजवळच्या एन्कोमी गावी पोचली. त्यांना कबरी हव्या होत्या आणि त्या मिळाल्याही, शंभराच्या आसपास. सोन्याचे दागिने, ग्रीसमधल्या मायसिनी घाटाची रंगीत भांडी, आणि एक हस्तिदंती खेळपेटी. तिच्यावर रथातून शिकार करणारा वीर कोरलेला आहे. काम अप्रतिम आहे, लंडनला गेलात तर जरूर पाहा. पण कबरींपर्यंत खाली उतरताना वाटेत जागोजाग दगडी भिंती लागत होत्या. त्या बायझंटाईन काळातल्या, म्हणजे कबरींनंतर दीड-दोन हजार वर्षांनी बांधलेल्या, असं त्या मंडळींनी धरलं आणि ती खाली गेली.

भिंतींचं कोडं सुटलं ते १९३४ साली. क्लोद शेफर हा फ्रेंच संशोधक समोरच्या सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित हे प्राचीन शहर खोदत होता. तिथले लोक आपल्या माणसांना घराच्या जमिनीखालीच ठेवत. त्या सरावलेल्या नजरेनं त्यानं एन्कोमी पाहिलं आणि ओळखलं की भिंती आणि कबरी एकाच काळातल्या, एकाच लोकांच्या आहेत. दफनभूमी समजून उकरलेली जागा हे कांस्ययुगातलं नांदतं शहर होतं! पुढे पोर्फिरिओस डिकाइओस यांनी १९४८ पासून दहा वर्षं तिथे काम केलं, तेव्हा शहराच्या उत्तर टोकाला तांबं गाळणाऱ्यांच्या कार्यशाळाही सापडल्या.

मला राग येतो तो इथे. कोणती कबर कोणत्या घराची, त्या घरात भट्टी होती की नुसता कोनाडा, हस्तिदंती पेटीवाल्याच्या शेजारी कोण राहत होतं, हे सगळं १८९६ सालीच विचारता आलं असतं. त्याआधीच्या चेस्नोलाबद्दल तर बोलायलाच नको. हे गृहस्थ १८६५ पासून बेटावर अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. पस्तीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या, त्यातल्या हजारो घेऊन निघालेलं एक जहाज १८७१ मध्ये बुडालं, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा विकून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे पहिले संचालक झाले. त्यांतल्या कितीतरी वस्तूंचं नेमकं ठिकाण आज कुणालाही सांगता येत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही मुलांचे दफनकुंभ घराच्या जमिनीखाली मिळाले. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे चूल, बळद, कणगी आणि दफन यांची नोंद घरागणिक ठेवली, म्हणून पाच खोल्यांचं घर आणि लगतचं कोठार पाहून आपण गावच्या प्रमुखाबद्दल बोलू शकतो.

आता एक विचारतो. संग्रहालयात गेल्यावर रांजणापुढे पाच मिनिटं थांबणारे किती जण आहेत इथे? हात वर करा. दोनच! त्यातला एक हात कुंभारकाम शिकवणाऱ्या बाईंचा आहे, तो मी धरत नाही. (हशा)

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं उरलीत, तेव्हा भराभर सांगतो.

इ.स.पू. २४०० च्या सुमारास बेटावर बैल, नांगर आणि गाढव दिसू लागतात, गोल घरांच्या जागी चौकोनी घरं येतात, चातीची आणि स्वयंपाकाच्या भांड्यांची घडणही बदलते. मार्की गावातल्या उत्खननात काही शतकांचे थर आहेत. तिथली अंगणं हळूहळू भिंतींनी बंदिस्त होत जातात. धान्य आणि जनावरं कुटुंबाच्या मालकीची होऊ लागल्याचं ते चिन्ह आहे, आणि विषमतेची सुरुवात मी या भिंतींपासून धरतो.

इ.स.पू. १६०० च्या आगेमागे ट्रूडोस डोंगराच्या पायथ्याशी, पोलितिको फोराडेस इथे ओढ्याकाठी तांबं वितळवलं जात होतं. तिथे भट्ट्यांचे तुकडे, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि तांबं वितळवताना उरलेली मळी ढिगानं मिळाली. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला रान तोडणारे हात लागतात, आणि त्या हातांना भाकरी. तांब्याचा व्यापार उभा राहिला तो शेतीच्या शिलकीवर. तुर्कस्तानजवळ उलुबुरूनला इ.स.पू. १३०० च्या सुमारास बुडालेल्या जहाजावर दहा टन तांबं होतं, पसरलेल्या कातड्याच्या आकाराच्या लगडींचं. त्यातलं बहुतेक सायप्रसचं. त्या दहा टनांमागे किती नांगर असतील, याचा विचार करा.

ही शिलक दिसते ती दक्षिणेला, कालावासोसजवळच्या आयिओस धिमित्रिओसला. तिथे तासलेल्या दगडांची मोठी इमारत आहे आणि तिच्या दालनात रांजणांच्या रांगा. काही रांजण माणसाएवढे उंच आहेत. खापरात मुरलेल्या अंशाची रासायनिक तपासणी झाली आणि ऑलिव्हचं तेल निघालं. सगळे भरले तर सुमारे ५०,००० लिटर! एवढं तेल एका घराला लागत नाही. कुणीतरी ते गोळा करत होतं, राखत होतं आणि वाटत होतं.

आता राजाचा प्रश्न. इजिप्तच्या अमार्ना इथे मातीच्या पाट्यांवर लिहिलेली अलाशियाच्या राजाची पत्रं मिळाली. फेरोला तो ‘बंधू’ म्हणतो. एका पत्रात तांबं कमी पाठवल्याबद्दल राग मानू नकोस म्हणून विनवतो, कारण नेर्गल देवाच्या कोपानं त्याच्या देशातली माणसं मेली आणि तांबं करायला कुणी उरलं नाही. अलाशिया म्हणजे सायप्रस, हे बहुतेकांना मान्य आहे. राजधानी एन्कोमीच असावी, असं दीर्घकाळ म्हटलं गेलं, आणि त्यात त्या सोन्याचा वाटा मोठा होता. २००३ साली त्या पाट्यांच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माती ट्रूडोसच्या दक्षिण बाजूची निघाली, कालावासोस आणि आलासा यांच्या टापूतली. म्हणजे पत्रं लिहिली गेली ती तेलाच्या रांजणांच्या मुलखात.