जीवितहानी नाही, तरीही मोजा

नमस्कार श्रोतेहो. ‘मालगाडीचे डबे रुळांवरून घसरले, जीवितहानी नाही.’ एवढं ऐकून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. मला मात्र वाटतं, रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी याच अपघातांची मोजदाद सर्वांत मोलाची आहे. मोठे अपघात, सुदैवानं, थोडे असतात. मूठभर घटनांवरून कोणतं कारण पुन्हा पुन्हा येतंय ते कळत नाही. त्यासाठी शेकडो नोंदी लागतात.

अशा नोंदी कॅगनं, म्हणजे सरकारी कारभाराचं लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेनं, तपासल्या. २०१७-१८ ते २०२०-२१ या काळातले गाड्या घसरल्याचे १,१२९ चौकशी अहवाल. त्यातल्या ४२२ घटनांची जबाबदारी अभियांत्रिकी विभागावर आली, आणि १७१ ठिकाणी रुळांची देखभाल कमी पडली होती. परिचालन विभागाच्या, म्हणजे गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या विभागाच्या, वाट्याला २७५ घटना. त्यातल्या ८४ टक्के पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा, चुकीचा लावल्यानं किंवा शंटिंगमधल्या, म्हणजे डबे हलवण्या-जोडण्यातल्या, इतर चुकांनी घडलेल्या. लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन चालकाच्या, नावावर १५४. म्हणजे आपण ज्याच्याकडे पहिलं बोट दाखवतो, तो या यादीत बराच खाली आहे.

या यादीत रूळ वरच्या स्थानी असण्याचं नवल नाही. भरलेल्या वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, एकेका आसावर वीस टनांहून जास्त भार असतो. थंडीत रूळ आकसतो, ताणला जातो आणि वेल्डिंगजवळचा केसाएवढा तडा वाढत जातो. तो वेळेत सापडणं अल्ट्रासाउंड तपासणीवर आणि रात्री रुळांवरून चालत गस्त घालणाऱ्या माणसांवर अवलंबून असतं. त्यांच्या जागा रिकाम्या ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

अर्थात नुसता आकडा फसवतो. जिथे गाड्या जास्त, तिथे घटनाही जास्त. म्हणून घटनांना धावलेल्या किलोमीटरनं भागायला हवं, यार्डातल्या आणि मुख्य मार्गावरच्या घटना वेगळ्या मांडायला हव्यात, आणि हा हिशेब विभागवार लोकांसमोर यायला हवा.

छोट्या घटनेकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते पाहा. २ जून २०२३ ला ओडिशात बहनागा बाजार इथे कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण पॉइंट लूप लाइनकडे, म्हणजे गाडी बाजूला उभी करण्याच्या मार्गाकडे, वळलेला होता. तिथे लोहखनिजानं भरलेली मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधली चूक सापडली. तशीच चूक १६ मे २०२२ ला खड़गपूर विभागातल्याच बांकडा नयाबाज स्थानकात झाली होती. तेव्हाच दुरुस्तीची पावलं उचलली असती तर बहनागाचा अपघात झाला नसता, असं रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात नोंदवलेलं आहे.