अननस, ससा आणि अनेक राज्यांची एकच परीक्षा

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा जवळ आली की घराघरांत काय चालतं, ते मी सांगायला नको. आजचा विषय मात्र अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा आहे.

तिथे शिक्षण राज्यांच्या हातात. २००२ मध्ये कायदा झाला, की तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी घ्या. पण पेपर ज्या त्या राज्याचा, आणि पास-नापासची रेघही ज्या त्या राज्याची. मग काय होणार? २००५ साली मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या चाचणीत चौथीची ८९ टक्के मुलं वाचनात प्रवीण ठरली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय चाचणीत किती? १८ टक्के. पुन्हा सांगतो. राज्याच्या पेपरात ८९, राष्ट्रीय पेपरात १८.

म्हणून २०१० मध्ये राज्यांनी दोन गट केले, पार्क आणि स्मार्टर बॅलन्स्ड. केंद्र सरकारने ३० कोटी डॉलरहून जास्त पैसे दिले. गटातल्या सगळ्या राज्यांना एकच पेपर आणि एकच रेघ, हा त्यांचा हेतू.

आता पेपर एक, म्हणजे चूकही सगळ्यांची एकच. म्हणूनच मला अननसाची गोष्ट सांगायची आहे.

एप्रिल २०१२. न्यूयॉर्क राज्यात आठवीचा इंग्रजीचा पेपर. पेपर राज्याचा, बनवला पिअर्सन कंपनीने. त्यात एक उतारा. ससा-कासव आपल्याला पाठ आहे, इथे कासवाच्या जागी बोलणारा अननस! तो सशाला म्हणतो, लाव शर्यत. जंगलातले प्राणी विचारात पडतात. याला ना हात ना पाय, तरी शर्यत लावतोय, म्हणजे नक्की काहीतरी डाव असणार. सगळे अननसाच्या बाजूने. शर्यत सुरू होते, ससा सुसाट सुटतो आणि अननस जागच्या जागी. ससा जिंकतो. प्राणी अननस खाऊन टाकतात. संपली गोष्ट.

    

उताऱ्याखाली प्रश्न. प्राण्यांनी अननस का खाल्ला? पर्याय: भूक लागली म्हणून, हुरूप आला म्हणून, वैतागले म्हणून, की गंमत वाटली म्हणून? पुढचा प्रश्न, सगळ्यांत शहाणपणाचं कोण बोललं? आता तेरा-चौदा वर्षांचं पोर पेन्सिल चावत बसलंय. त्याला भूकही पटते, वैतागही पटतो. गोल मात्र एकच काळा करायचा.

मुलांनी घरी येऊन सांगितलं, बातम्या झाल्या, आणि राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी त्या प्रश्नांचे गुण धरायचे नाहीत असं जाहीर केलं. आणि ऐका, हाच उतारा त्याआधी इतर राज्यांच्या परीक्षांतही येऊन गेला होता!

म्हणून मी म्हणतो, सामायिक परीक्षेत प्रश्न वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी आधी वाचलेच पाहिजेत. या दोन्ही गटांनी राज्याराज्यांतले शिक्षक बसवून प्रश्न तपासून घेतले. पार्कने तर परीक्षेनंतर पेपरातले बरेच प्रश्न लोकांसमोर ठेवले. हे मला फार मोलाचं वाटतं.

या गटांची पहिली परीक्षा २०१५ मध्ये झाली. पण परीक्षेचा वेळ, संगणकांचा खर्च, राजकारण, पालकांचा विरोध, या सगळ्यांत एकेक राज्य बाहेर पडत गेलं. पार्कचा गट विरून गेला. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ते नाव आठवत असेल. स्मार्टर बॅलन्स्डचा पेपर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पुढेही चालू राहिला. त्यांच्या सराव चाचण्या इंटरनेटवर कुणालाही खुल्या आहेत. आठवीचा एक उतारा काढा, मुलांबरोबर बसा आणि प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक, यावर त्यांना बोलू द्या. नमस्कार.